गंगाथडीची वाट कोणी काढावी?

गेल्या कार्तिक महिन्यात आमच्या परभणी शहरातील काही सुविद्य गृहस्थांची एक छोटेखानी बैठक भरली होती व तीस आम्हांसही अगत्याचे बोलावणे होते. विषय मोठा मनोहर होता. गोदावरी पाथरी तालुक्यात आमच्या जिल्ह्यास भेटते तेथपासून, सोनपेठ, गंगाखेड, पालम असे तालुके ओलांडून ती पूर्णा तालुक्यातून नांदेडकडे जाते तेथपर्यंत, पायी चालणारांसाठी नदीकाठाने एक सलग वाट असावी. मनुष्याने पाठीवर पडशी टाकून आठवडाभर नदीच्या संगतीने चालावे, गावोगाव मुक्काम करावा आणि आपला मुलूख डोळे भरून पाहावा, अशी ती कल्पना होती. ती ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो आम्ही लपविला नाही. परंतु चहापान आटोपताच एका गृहस्थांनी खिशातून एक टंकलिखित अर्ज बाहेर काढला. त्यात शासनास विनंती केली होती की, सदर मार्गासाठी निधी मंजूर करावा, ठोकळे बसविलेला पदपथ बांधावा, जागोजाग कमानी व विजेचे खांब उभारावेत, आणि आवश्यक ती जमीन ताब्यात घ्यावी. अर्ज हातोहात फिरला, सह्या झाल्या. आम्ही सही केली नाही.

त्या दिवसापासून आमच्यावर शब्दांचा मारा चालू आहे. कोणी म्हणतो, प्राध्यापक मंडळींस नाही म्हणण्याची खोडच असते. कोणी म्हणतो, चांगल्या कार्यास अपशकुन केला. तेव्हा आमची बाजू जाहीरपणे मांडणे आम्हांस प्राप्त आहे. वाट व्हावी अशी आमचीही इच्छा आहे, किंबहुना अर्जावर सही करणाऱ्या कित्येकांपेक्षा ती अधिक आहे. आमचा वाद वाटेशी नाही. ती कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागावयाची, एवढ्याशी आहे.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. "या कोरड्या मुलखात पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे विचारणारे लोक आमच्याच शहरात आहेत. त्यांनी राजगड पाहिला आहे, केदारनाथ पाहिले आहे. मुद्गल मात्र पाहिले नाही. गोदावरीच्या पात्रात उभे असलेले मुद्गलेश्वराचे देऊळ पुराच्या दिवसांत पाण्याने कसे वेढले जाते हे त्यांच्या गावी नाही. गुंजेस वासुदेवानंद सरस्वतींचे शिष्य योगानंद सरस्वती यांची समाधी आहे. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. धारासूरचे गुप्तेश्वराचे प्राचीन मंदिर, त्याचे शिल्पकाम पाहून कोणीही थक्क व्हावे. आणि कंठेश्वरी पूर्णा व गोदा यांचा संगम. शिवाय ढालेगाव, मुद्गल, मुळी, दिग्रस येथले बंधारे आहेत. अडविलेल्या पाण्याने आमच्या शेतीचे रूप कसे पालटले आणि कोठे पालटले नाही, हे त्यांच्या काठाने चालल्याविना कळत नाही. पुस्तकात वाचलेला जिल्हा आणि पायांनी मोजलेला जिल्हा यांत पत्रिका पाहणे आणि संसार करणे एवढा भेद आहे. जो सुशिक्षित मनुष्य आपल्या जिल्ह्यातील गावे केवळ मोटारीच्या खिडकीतून पाहतो, त्याला ती गावे फलकावरच्या नावांपलीकडे ठाऊक नसतात. आणि ज्याला गावे ठाऊक नाहीत त्याने गावांच्या कल्याणाविषयी व्याख्याने द्यावीत, हा आमच्या काळातला एक विनोदच म्हणावयाचा.

दुसरा आक्षेप असा की, दूर दूर चालत जाणे हे विलायती खूळ आहे. हा आक्षेप परभणीत घेतला जावा याचे आम्हांस विशेष नवल वाटते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सातशे किलोमीटरांच्या आसपासची वाट महिनाभर चालून पंढरीस जाते, आणि दरसाल ज्येष्ठ-आषाढात परभणी व गंगाखेड करून परळीकडे वळते. शेकडो वारकरी शिस्तीने, एका वेषात, टाळांच्या ठेक्यावर चालत असतात. त्यांच्या जेवणाचा, पाण्याचा व मुक्कामाचा भार वाटेवरील गावे वर्षानुवर्षे ठरल्याप्रमाणे उचलतात. कोणत्या गावी दुपार, कोणत्या गावी रात्र, कोणाच्या दारी पाणी, हे सर्व जेथल्या तेथे ठरलेले असते. आळंदीच्या वारीस आज जी शिस्त दिसते तिची घडी हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसविली. तीही कोणा खात्याच्या हुकुमाने बसली नाही. तेव्हा लांब पल्ल्याची वाट म्हणजे काय, हे इतरांनी आम्हांस शिकवावे असे नाही. वाट म्हणजे गावांनी एकमेकांच्या हाती दिलेला वाटसरू. दगडमाती ही त्यानंतरची गोष्ट.

आता आम्ही सही का केली नाही ते सांगतो. बैठकीच्या आधी काही दिवस आम्ही चार विद्यार्थ्यांसह गंगाखेड तालुक्यात नदीकाठाने चालत होतो. एका विद्यार्थ्याच्या हाती गावाचा नकाशा होता, आणि तो मधून मधून थांबून त्यावर खुणा करीत होता. तुरीच्या शेतातून एक वृद्ध शेतकरी धुऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याने प्रथम नकाशाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि विचारले, "मोजणी करायला आलाव का, साहेब?" आम्ही म्हणालो, "नाही बाबा, आम्ही मास्तर लोक. नुसते गंगेच्या काठाने चाललो आहोत." त्याचा विश्वास बसला नाही. "नुसतं चालायला नकाशा कशाला लागतो?" असा त्याने दुसरा प्रश्न टाकला. या प्रश्नास उत्तर देता देता आमची अर्धी घटका गेली. नकाशा घडी करून पिशवीत गेला तेव्हा कोठे त्याच्या कपाळावरील आठी उतरली. आणि मग, "मंग चला की, च्या घेऊन जावा," असे म्हणून त्याने आम्हांस खोपीत नेले. निघताना त्याने स्वतःच आम्हांस पुढची वाट दाखविली, व ओढा कोठून ओलांडावा तेही सांगितले.

या लहानशा प्रसंगात आमचे सारे म्हणणे आले आहे. त्या शेतकऱ्याचे भय निराधार नव्हते. पवनार ते पत्रादेवी अशा सुमारे आठशे किलोमीटरांच्या शक्तिपीठ महामार्गासाठी २०२४ साली जी आखणी पुढे आली, तीत बारा जिल्ह्यांमध्ये परभणीचेही नाव होते. आणि येथील शेतकऱ्यांनी मोजणीस विरोध केला हे सर्वांस ठाऊक आहे. त्या महामार्गाच्या बऱ्यावाइटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या मुलखात नकाशा घेतलेला मनुष्य दिसताच शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो, त्या मुलखात "आवश्यक ती जमीन ताब्यात घ्यावी" हे पाच शब्द लिहिणे म्हणजे वाटेच्या मुळावर आपल्या हाताने कुऱ्हाड घालणे होय. अर्ज लिहिणारांनी ते वाक्य सहज लिहिले. कारण त्यांच्यापैकी एकाचीही जमीन नदीकाठी नव्हती. जो म्हातारा चहा पाजून वाट दाखवितो, तोच उद्या मोजणीच्या खुंट्या उपटावयास उभा राहील, आणि तो काही अन्याय करील असे आम्हांस म्हणवणार नाही.

आमच्या मित्रांचे म्हणणे असे की, परदेशांत अशा वाटा सरकारांनीच केल्या. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतील अॅपलाचियन वाटेचीच गोष्ट घ्या. बेंटन मॅके या गृहस्थाने १९२१ साली एका मासिकात लेख लिहून ती कल्पना मांडली. पुढे ठिकठिकाणच्या भ्रमणमंडळांनी आपापला तुकडा अंगावर घेतला, झुडपे तोडली, खुणा रंगविल्या. आणि १९३७ साली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची ती वाट सलग झाली. राष्ट्रीय कायद्याचे संरक्षण तिला मिळाले ते १९६८ साली! म्हणजे आधी माणसे, मग वाट, आणि मग कायदा. आजही तिची निगा प्रामुख्याने स्वयंसेवकांची मंडळेच राखतात.

इंग्लंडची कथा याहून उद्बोधक आहे. तेथे १९३२ साली २४ एप्रिल रोजी किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो श्रमजीवी तरुण जमीनदारांची मनाई मोडून चढले, आणि त्यांपैकी काहींनी तुरुंग भोगला. १९३५ साली टॉम स्टीव्हन्सन याने वर्तमानपत्रात लेख लिहून उत्तर इंग्लंडच्या कण्यावरून एक लांब हिरवी वाट मागितली. १९४९ साली कायदा झाला. पण ती पेनाइन वाट प्रत्यक्ष खुली झाली ते साल १९६५! लेखापासून वाटेपर्यंत तीस वर्षे, आणि कायद्यापासूनही सोळा. मधली वर्षे कशात गेली? जेथे जेथे वहिवाटीचा हक्क नव्हता, तेथे तो जोडून घेण्यात. पार्लमेंटचा कायदा हाती असूनही जमीनवाल्यांशी बोलणे चुकले नाही. मग आमच्या टंकलिखित अर्जाने ते कसे चुकावे?

स्पेन देशातील सांतियागोची यात्रावाट तर मध्ययुगापासूनची. पण विसाव्या शतकात ती जवळजवळ मोडली होती. एलियास वालिन्या नावाच्या एका डोंगराळ गावच्या धर्मोपदेशकाने १९८० नंतरच्या वर्षांत पिवळ्या रंगाचा डबा घेतला, आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवीत तो निघाला. गावोगावच्या लोकांस त्याने आपापल्या शिवारातील वाट सांभाळावयास लावले. २०२३ साली त्या वाटेने चालून सांतियागोस पोचल्याची नोंद करणारे यात्रेकरू चार लाखांहून अधिक होते. त्यांत भाविक होते, तसे केवळ हौसेने चालणारेही होते. एका भटजीने रंगाच्या डब्याने जे केले ते आमच्या पदवीधरांना लेखणीने का साधत नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता कोणी चतुर वाचक विचारील की, आमच्याकडे कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी बांधांवरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण तो हक्क शेतकऱ्याचा आहे. हौसेने चालणाऱ्या वाटसरूचा नव्हे. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने गाडीवाट व तुटक एकेरी रेषेने पाऊलवाट दाखविलेली असते. कागदावर त्या रेषा अजून शाबूत आहेत. जमिनीवर त्यांची दशा काय आहे ते चालून पाहावे! दरसाल नांगरटीच्या वेळी एक तास इकडचा शेतकरी आत सरकतो, एक तास तिकडचा सरकतो. पंधरावीस वर्षांत गाडी जाण्याजोगी पाणंद बैल जाण्याजोगी उरते, आणि पुढे माणूसही आडवा होऊन जातो. मग पावसाळ्यात काळ्या रानातून सोयाबीनची पोती डोक्यावरून वाहताना दोन्ही शेतकरी दैवास बोल लावतात, आणि एकमेकांस न्यायालयात खेचतात.

आमच्या मते वाटेची किल्ली येथेच आहे. पाणंदी मोकळ्या होणे ही शेतकऱ्याची स्वतःची गरज आहे. राज्य शासनानेही २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी या नावाने योजना काढली, ती याच गरजेपोटी. नदीकाठच्या गावांत जाऊन "आम्हांस फिरावयास वाट द्या" असे म्हणाल तर लोक हसतील, आणि ते योग्यच होईल. परंतु "तुमच्या पाणंदी मोकळ्या करण्यास आम्ही नकाशे मिळवून देतो, अर्ज लिहून देतो, भाऊबंदांचा समेट घडविण्यास येऊन बसतो, श्रमदानास हात लावतो," असे म्हणाल तर निदान ऐकून तरी घेतील. जेथून शेतकऱ्याची गाडी जाईल तेथून वाटसरूचे पाय सहज जातील. उलट जी वाट केवळ वाटसरूसाठी काढली, ती पहिल्याच नांगरटीस नाहीशी होईल, आणि तिच्यासाठी कोणी हळहळणारही नाही.

येथे एक कठोर आक्षेप येतो, आणि तो घेणारांविषयी आम्हांस आदर आहे. ते म्हणतात, ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जाने गांजून जीव देतो, तेथे हौसेच्या वाटा काढावयाच्या, ही क्रूर थट्टा नव्हे काय? आमचे उत्तर असे. वाटेने कर्ज फिटेल असे सांगणारा लबाड समजावा. आठवड्यास दहावीस पांथस्थ आले तर एखाद्या घरास भाकरी-पिठल्याचे चार पैसे मिळतील, बचत गटास थोडे काम मिळेल. याहून अधिक वचन देणे म्हणजे फसवणूक. परंतु शेतकऱ्याचे दुःख ज्यांना केवळ वर्तमानपत्राच्या रकान्यातून ठाऊक आहे, अशा वर्गाला त्याच्या अंगणात एक रात्र काढावी लागणे, ही गोष्ट आम्ही लहान समजत नाही. दुःख दूर करण्याची ती युक्ती नव्हे. पण दुःखाकडे पाठ फिरविण्याची सवय तीमुळे मोडेल.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. वारकऱ्यास गाव जेवू घालते ते भक्तीने. आमच्या सहलीस ते का जेवू घालील? घालणार नाही, आणि घालू नये. वारीचे पुण्य आपल्या खाती जमा धरून फुकटचे पाहुणे होणे हा निर्लज्जपणा आहे. पांथस्थाने जेवणाचे व निवाऱ्याचे मोल गाव ठरवील तसे द्यावे, कचरा आपल्या पडशीत परत न्यावा, उभ्या पिकात पाय घालू नये, आणि विहिरीचे पाणी मागून घ्यावे. स्त्रियांस ही वाट निर्धोक असेल काय, असेही विचारतात. ज्या गावाने वाट आपली मानली, त्या गावातून जाणारी लेक ही त्या गावची लेक होते. वारीत हे आम्ही पाहतोच. विजेच्या खांबाने तो भरवसा मिळत नाही. आणि चिखलाचे म्हणाल तर काळ्या मातीत पावसाळ्यात चालण्याचा हट्ट कोणीच धरू नये. कार्तिक ते फाल्गुन हा या वाटेचा काळ. ठोकळ्यांचा खर्च त्यानेच वाचतो.

गावाची संमती म्हणजे मात्र केवळ सातबारावाल्यांची संमती नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्यांच्या नावे एक वीतही बांध नाही, त्यांचेही ते गाव आहे. वाट पाटलाच्या वाड्यावरून जाते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीस वळसा घालते, असे झाले तर ती न झालेली बरी. कोणाच्या घरची भाकर पांथस्थाने खावी हे जातीवरून ठरू लागले, तर आम्ही जुनाच अन्याय नव्या वाटेने फिरावयास नेला असे होईल. तसेच श्रमदानाच्या नावाखाली दुबळ्यांकडून काम उपटणे हेही नको. निजामी अमदानीतील वेठीच्या गोष्टी सांगणारी घरे या भागात अजून आहेत. वेठ आणि श्रमदान यांत हात तेच असतात, कुदळ तीच असते. फरक फक्त आपखुशीचा असतो.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी सेलू तालुक्यातील वालूर येथे जाऊन यावे. तेथील चक्राकार बारव गाळाने व केरकचऱ्याने भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत गावकरीच पुढे झाले, गाळ उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या. आणि आज ती पाहावयास दुरून लोक येतात. "गाव करी ते राव न करी" ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगीच केली नाही. रावाची मदत नकोच असे आम्ही म्हणत नाही. ओढ्यावर साकव बांधावयाचा, बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली गेलेल्या जागी पर्यायी वाट काढावयाची, गावनकाशावरील वाटेची हद्द कायम करावयाची, ही कामे शासनाचीच. पण राव गावाच्या मागून यावा, गावाच्या छातीवरून नव्हे.

तेव्हा ज्या मित्रांनी सह्या केल्या त्यांस आमची विनंती अशी आहे. तो अर्ज सध्या कपाटात ठेवा. आपल्यापैकी प्रत्येकाने नदीकाठचे एकेक गाव वाटून घ्यावे. कोणाचे आजोळ तेथे असेल, कोणाचा विद्यार्थी असेल, कोणाकडे दूध तेथून येत असेल. रविवारी बायकामुलांसह तेथे जावे, म्हाताऱ्यांस जुनी वाट विचारावी, नकाशाची प्रत त्यांच्याच हाती द्यावी, आणि शेजारच्या गावापर्यंत एकदा चालून यावे. जेवणाचे पैसे देण्यास विसरू नये. वर्षभरात तीनचार गावांच्या ग्रामसभांनी आपखुशीने ठराव केला, तरी आम्ही कार्य सफल झाले असे समजू. वाट तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालेल. तीस वर्षे लागली तर आम्ही ती पाहावयास नसू. पण म्हणून आज खोट्या घाईने ती जन्मण्यापूर्वीच मारावी असे आम्हांस वाटत नाही.

जेव्हा त्या अर्जातून "जमीन ताब्यात घ्यावी" हे शब्द जातील आणि त्याच्यासोबत काठच्या गावांचे ठराव जोडलेले असतील, त्या दिवशी तो आमच्याकडे अवश्य पाठवावा. आम्ही सही करू. मात्र ती गावकऱ्यांच्या अंगठ्यांच्या आणि सह्यांच्या खाली करू.